विद्यापीठाचं फाटक कुणासाठी उघडं असावं?

विद्यापीठाच्या गावात काय बघावं, याच्या याद्या जगभर एकाच छापाच्या असतात. घड्याळाचा मनोरा, जुनं प्रार्थनाघर, हिरवळीचा चौक, नदीवरचा पूल आणि विद्यार्थ्यांच्या श्रद्धेचा एखादा पुतळा. स्पेनमधल्या सालामांकाला विद्यापीठाच्या नक्षीदार दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला दगडी बेडूक हुडकायचा. जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनला नवे पीएच.डी. झालेले जिचं चुंबन घेतात, त्या हंस सांभाळणाऱ्या मुलीच्या पुतळ्यापुढे उभं राहायचं. ऑक्सफर्डला 'रॅडक्लिफ कॅमेरा' या ग्रंथालयाच्या गोल भिंतीला प्रदक्षिणा घालायची, की गाव 'झालं'. बेडूक मजेशीर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण जिथे शेकडो वर्षं माणसं शिकतायत, वाद घालतायत, काही ना काही शोधून काढतायत, तिथून पाहुणा नुसत्या भिंती बघून परतत असेल, तर दोष त्याच्या आळसाला देऊन भागणार नाही. विद्यापीठानं कुठलं दार उघडं ठेवलंय आणि कुठलं बंद, हे आधी तपासायला हवं.

बहुतेक ठिकाणी दारं उलटी लावलेली आहेत. विद्यार्थी राहतात ते चौक आणि जिने तिकीट लावून दाखवले जातात, आणि विद्यापीठाचं खरं काम जिथे दिसू शकतं त्या बागा, संग्रह, वेधशाळा, व्याख्यानं आणि पीएच.डी.च्या प्रबंधाच्या जाहीर परीक्षा यांचा पत्ता बाहेरच्याला लागत नाही. आमचं म्हणणं असं की, या पाच गोष्टी ठरलेल्या वेळी कुणालाही आणि शक्यतो फुकट खुल्या असाव्यात. वसतिगृहं, अभ्यासिका आणि चालू प्रयोगशाळा मात्र खुशाल बंद ठेवाव्यात. त्यासाठी कुणाची माफी मागायची गरज नाही.

ही मागणी आजची नाही. ऑक्सफर्डचं ॲश्मोलियन संग्रहालय 1683 मध्ये उघडलं ते पैसे भरणाऱ्या कुणालाही प्रवेश देतच. 1710 मध्ये तिथे आलेल्या उफेनबाख या जर्मन विद्वानानं कपाळाला आठ्या घालून लिहून ठेवलंय की, बाजाराच्या दिवशी खेड्यातली माणसं वर येतात आणि बायाबापड्या दिसेल त्या वस्तूला हात लावतात. तीनशे वर्षांत या तक्रारीचे शब्द फारसे बदललेले नाहीत. इटलीतल्या पादुआच्या विद्यापीठानं 1545 मध्ये औषधी वनस्पतींची बाग केली, ती वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना झाडपाला नीट ओळखता यावा म्हणून. तिथल्या वनस्पती बाजारात महाग विकल्या जात, त्यामुळे रात्री चोऱ्या होऊ लागल्या. दंड, तुरुंग, हद्दपारी अशा शिक्षा असूनही त्या थांबेनात. तेव्हा बागेभोवती गोल भिंत बांधली गेली. ती भिंत आजही उभी आहे आणि बागही चालू आहे. गर्दी आणि चोरी यांची भीती खरी असते, पण तिच्यावर भिंत आणि फाटकाच्या वेळा हा उपाय पुरला. बाग बंद करावी लागली नाही.

गावाचाही यात हिशेब आहे. विद्यापीठ गावातली मोक्याची जमीन व्यापतं, घरभाडी वाढवतं, रात्रीची शांतता घालवतं. 10 फेब्रुवारी 1355 ला ऑक्सफर्डमध्ये एका गुत्त्यातल्या दारूच्या दर्जावरून भांडण पेटलं, गावकरी आणि विद्यार्थी यांच्यात दंगल झाली आणि कित्येकांचे जीव गेले. राजानं बाजू विद्यापीठाची घेतली. त्यानंतर दरवर्षी त्या दिवशी नगराध्यक्ष आणि गावातली प्रतिष्ठित माणसं चर्चमध्ये प्रायश्चित्त घेऊन दंडाचे पैसे भरत, ते थेट 1825 पर्यंत. अमेरिकेत हाच तंटा कराच्या रूपात चालू आहे. शिक्षणसंस्थेच्या इमारतींवर नगरपालिकेचा मालमत्ता कर लागत नाही, म्हणून येल विद्यापीठ न्यू हेवन शहराला स्वखुशीनं रक्कम देतं, आणि ती किती असावी यावर ओढाताण होत राहते. पण त्याच येलचं पीबॉडी निसर्गसंग्रहालय 2024 मध्ये नूतनीकरणानंतर उघडलं ते सगळ्यांना मोफत. तिथली कलादालनं आधीपासूनच मोफत आहेत. बायनेकी हे 1963 चं दुर्मीळ ग्रंथांचं ग्रंथालय तर मुद्दाम बघावं असं आहे. भिंतींत खिडक्या नाहीत. संगमरवराच्या पातळ, अर्धपारदर्शक पाट्यांतून गाळलेला उजेड आत येतो, म्हणजे थेट ऊन पुस्तकांवर पडत नाही. मधोमध काचेच्या मनोऱ्यात पुस्तकं रचलेली दिसतात. वाचायला ओळखपत्र लागतं, बघायला लागत नाही. वाचकाची जागा वेगळी, पाहुण्याची वेगळी, आणि दोघांचा एकमेकांना त्रास नाही. एवढा साधा विचार कितीतरी विद्यापीठांना अजून सुचलेला नाही.

आता पाहुण्याकडे वळू, कारण दार उघडं असूनही चुकीच्या वेळी जाणारे कमी नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे विद्यापीठाची दिनदर्शिका. ऑक्सफर्डची सत्रं तीन आणि प्रत्येक आठ आठवड्यांचं. म्हणजे वर्षातले अठ्ठावीस आठवडे पदवीच्या विद्यार्थ्यांचं अध्यापन बंद असतं आणि पर्यटकांची सर्वांत मोठी झुंबड नेमकी त्याच उन्हाळी सुट्टीत उडते. उलट केंब्रिजची अनेक कॉलेजं एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत, परीक्षांच्या काळात, पाहुण्यांना बंद असतात. याबद्दल कुरकुरणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही; परीक्षेच्या आदल्या दिवशी खिडकीतून कॅमेरा डोकावला तर कुणालाही संताप येईल. सत्र सुरू होऊन दुसरा-तिसरा आठवडा गेला की जावं. पहिल्या आठवड्यात नव्या मुलांचं सामान आणि पालक यांनी गाव भरलेलं असतं, पदवीदानाच्या दिवसांत राहायला जागा मिळत नाही. साप्ताहिक सुट्टीही गृहीत धरू नये: शांतिनिकेतनात ती परंपरेनं बुधवारी असते, आणि रविवारचा हिशेब करून बुधवारी पोचलेल्यांना बंद दारं बघून परतावं लागतं.

सर्वांत कमी माहीत असलेली आणि आमच्या मते सर्वांत बघण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रबंधाची जाहीर परीक्षा. ब्रिटनमध्ये ती बहुधा बंद खोलीत दोन परीक्षकांपुढे होते. नेदरलँड्स, स्वीडन, फिनलंड इथे ती सार्वजनिक कार्यक्रम आहे; दारावर कुणी ओळखपत्र मागत नाही. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात प्रबंध परीक्षेच्या किमान तीन आठवडे आधी जाहीर करावा लागतो आणि त्याची प्रत खिळा ठोकून फलकावर लावायची प्रथा अजून पाळली जाते. हेतू सरळ आहे: कुणालाही तो वाचून प्रश्न घेऊन येता यावं. नेदरलँड्समधल्या लायडनला ही परीक्षा बरोबर पाऊण तास चालते. वेळ संपली की विद्यापीठाचा दंडधारी सभागृहात येतो आणि 'होरा एस्ट', म्हणजे वेळ झाली, असं लॅटिनमध्ये पुकारतो. उमेदवाराचं वाक्य अर्धं राहिलं तरी चर्चा तिथे थांबते. त्याच इमारतीत घामाची खोली म्हणून ओळखली जाणारी एक लहान खोली आहे. तिथे उमेदवार निकालाची वाट बघत बसायचे आणि पास झाल्यावर भिंतीवर सही करायचे. त्या सह्यांची दाटी कुठल्याही पुतळ्यापेक्षा जास्त बोलते.

जाणाऱ्यानं चार गोष्टी सांभाळाव्यात. दहा मिनिटं आधी बसावं, कारण मंडळ आत आलं की दार लागतं आणि उशिरा येणाऱ्याला बहुधा घेत नाहीत. भाषा आधी बघावी. विज्ञानाच्या बऱ्याच परीक्षा इंग्रजीत होतात, कायदा-इतिहासाच्या देशी भाषेत होण्याची शक्यता जास्त. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी कामाचा गोषवारा सांगितला जातो, तो भाग सामान्य माणसाला बऱ्यापैकी समजतो. पुढची उलटतपासणी समजली नाही तरी कोण कुठे अडखळतं ते कळतंच. आणि मध्येच उठून जाऊ नये. फिनलंडमध्ये तर शेवटी श्रोत्यांनाही आक्षेप घ्यायचं आवाहन होतं, अर्थात ते प्रबंध वाचून आलेल्यांसाठी. पाहुण्यानं त्या क्षणी गप्प राहावं हे बरं.

वेळेबद्दल आणखी एक खाचखळगा. जर्मनीत आणि उत्तर युरोपात व्याख्यानाच्या वेळेपुढे 'सी. टी.' अशी अक्षरं असतील तर कार्यक्रम पाव तास उशिरा सुरू होतो: दहा लिहिलेलं असेल तर सव्वादहाला. 'एस. टी.' असेल तर दहा म्हणजे दहाच. हे ठाऊक नसलेला माणूस एक तर रिकाम्या सभागृहात पंधरा मिनिटं बसतो, नाहीतर भरल्या सभागृहात सगळ्यांच्या नजरा झेलत शिरतो. नव्या प्राध्यापकाचं पहिलं जाहीर व्याख्यान ही आणखी एक हमखास संधी. ते सहसा गावासाठीही खुलं असतं, आणि आयुष्यभराचं काम तासाभरात समजावून सांगायची त्याच्यावर सक्ती असते. पुढे तोच माणूस इतकं सोपं क्वचितच बोलतो.

आता बाग. विद्यापीठाची बाग फुलं बघायला म्हणून बघितली की निराशा होते. गावातल्या साध्या उद्यानातही रंग जास्त असतो. इथे पाट्या वाचायच्या. पाटीवर वनस्पतीचं कूळ, लॅटिन नाव, मूळ प्रदेश आणि एक नोंदणी क्रमांक असतो. पुष्कळ बागांत त्या क्रमांकाचे पहिले चार अंक म्हणजे ती वनस्पती बागेत आल्याचं वर्ष. हे एकदा कळलं की वाफ्यातल्या झाडांचं वय वाचता येतं. केंब्रिजच्या बागेत कुळांनुसार आखलेले वाफे आहेत. शेजारी शेजारी लावलेल्या रोपांची पानं आणि फुलांची रचना ताडून बघावी, कुणी कुणाला कुठल्या आधारावर नातेवाईक ठरवलं ते समजतं. आणि जनुकीय अभ्यासानं काही कुळांची फेरमांडणी झाल्यामुळे जुनी नाती आज कुठे चुकली, तेही. पादुआला 1585 मध्ये लावलेला ताड काचगृहात अजून जिवंत आहे, जर्मन कवी गटेनं तो पाहून त्यावर लिहिलं म्हणून त्याच्याच नावानं ओळखला जातो. काचगृहं बहुधा बागेपेक्षा उशिरा उघडतात आणि अर्धा तास लवकर बंद होतात. म्हणून फाटकातून आत गेल्यावर आधी तिकडेच जावं. संध्याकाळसाठी ठेवली की हुकतात.

संग्रहालयांची गोष्ट थोडी गुंतागुंतीची. विद्यापीठाचं संग्रहालय जमवलं जातं ते शिकवण्यासाठी, सजवण्यासाठी नव्हे, त्यामुळे ते गच्च भरलेलं आणि अंधारं असतं. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्समध्ये वस्तू देशानुसार नाही, उपयोगानुसार लावल्या आहेत: जगभरची कुलुपं एका कपाटात, वाद्यं दुसऱ्यात. कपाटांखालचे खण पाहुण्याला उघडता येतात. त्यांच्यातही वस्तू मांडलेल्या आहेत आणि बहुतेक लोक ते न उघडताच निघून जातात. बॅटरी मागितली तर मिळते. याच संग्रहालयानं 2020 मध्ये मानवी अवशेष, त्यात ॲमेझॉन प्रदेशातली आकसवलेली मुंडकी, प्रदर्शनातून काढून घेतली. त्यावर मतभेद झाले, आणि व्हायलाच हवेत. पण हा वाद गावासमोर झाला, कारण दार गावासाठी उघडं होतं. केंब्रिजच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात बीगल जहाजाच्या सफरीवरचं एक अंडं आहे. डार्विननं ते फार लहान खोक्यात कोंबलं आणि तडकवलं. ऑक्सफर्डच्या विज्ञान-इतिहास संग्रहालयात, म्हणजे ॲश्मोलियनच्या मूळ 1683 च्या इमारतीत, आईन्स्टाईनच्या 1931 च्या व्याख्यानातला फळा खडूच्या आकड्यांसकट जपलेला आहे. तडकलेलं अंडं आणि न पुसलेला फळा यांतून विद्या कशी चालते हे जितकं समजतं, तितकं मनोऱ्यावर चढून समजत नाही.

अडचण येते ती लहान, विभागांच्या संग्रहांची. भूशास्त्राच्या खडकांची कपाटं, वैद्यकाची जुनी उपकरणं, वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह हे सगळं सोमवार ते शुक्रवार, कचेरीच्या वेळात उघडं असतं, वर दुपारी तासभर बंद. ज्या गावानं हे विद्यापीठ पोसलं, तिथल्या नोकरी करणाऱ्या माणसाला आणि शाळकरी मुलाला ते आयुष्यात बघता येत नाही. आठवड्याचे पाच दिवस निम्मं उघडं ठेवण्यापेक्षा महिन्यातला एक शनिवार पूर्ण उघडा ठेवावा. दोन माणसं पुरतात: एक दाराशी मोजणी करायला, एक आत समजावून सांगायला. दुसरा संशोधक विद्यार्थी असावा आणि त्याला त्याचे पैसे द्यावेत. फुकट राबवलेला विद्यार्थी तिसऱ्या महिन्यात येईनासा होतो आणि उपक्रम तिथेच आटोपतो.

वेधशाळेत जाणाऱ्यांचा नेहमीचा घोळ म्हणजे पौर्णिमा निवडणं. पूर्ण चंद्रावर सावल्या नसतात, विवरं सपाट दिसतात आणि त्याच्या उजेडात बाकीचं आकाश धुऊन निघतं. चंद्र बघायचा तर शुक्ल पक्षातल्या सप्तमी-अष्टमीच्या सुमारास, तेजोमेघ आणि दीर्घिका बघायच्या तर अमावस्येच्या आसपास. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मधे एकदा मोबाईलचा पडदा पेटला की पुन्हा पहिल्यापासून. घुमट मुद्दाम थंड ठेवतात, कारण आतली गरम हवा फटीतून बाहेर पडताना प्रतिमा थरथरते. म्हणून दिवसा घातलेल्या कपड्यांपेक्षा एक थर जास्त हवा. केंब्रिजला हिवाळ्यात बुधवारी आधी व्याख्यान आणि आकाश मोकळं असेल तर मग निरीक्षण, अशी पद्धत आहे. ती फार शहाणपणाची आहे, ढगाळलं तरी संध्याकाळ वाया जात नाही. तिथल्या 1838 च्या नॉर्थंबरलँड दुर्बिणीनं 1846 च्या ऑगस्टमध्ये जेम्स चॅलिसनं नेपच्यूनची दोनदा नोंद केली आणि तो ग्रह असल्याचं ओळखलं नाही. पुढच्याच महिन्यात बर्लिननं श्रेय नेलं.

विरोधाचे मुद्दे दोन, आणि दोन्ही हलके नाहीत. पहिला पैशांचा. जुन्या वास्तूंची डागडुजी महाग असते, तिकीट बंद केलं तर ती कोण करणार? इथे नाजूक जागा वेगळ्या काढाव्यात. पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठाच्या जोआनिना ग्रंथालयात पुस्तकं खाणारे किडे वटवाघळं खातात, म्हणून रात्री टेबलांवर चामडं अंथरून ठेवतात. अशा जागेत माणसांचा श्वास आणि धूळसुद्धा मोजावी लागते. तिथे वेळ छापलेलं तिकीट असणं आणि वेळ चुकली तर प्रवेश नाकारणं योग्यच. पादुआचं 1595 चं लाकडी शवविच्छेदनगृह वाटाड्याशिवाय दाखवत नाहीत, तेही योग्य. जपण्याचा खर्च तिकिटातून काढा. पण ज्या चौकात जपण्यासारखं फक्त गवत आहे, तिथे तिकीट म्हणजे निव्वळ वसुली.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा, आणि यात एक गोष्ट झाकली जाते. फाटकावर लेखी नियम नसला की पहारेकरी चेहऱ्यावरून आणि कपड्यांवरून ठरवतो. गळ्यात कॅमेरा असलेला परदेशी आत जातो. शेजारच्या वस्तीतला मुलगा, ज्याला पुढे इथेच शिकावंसं वाटू शकतं, तो अडवला जातो. बंद फाटक सगळ्यांना सारखं बंद कधीच नसतं. पहारेकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात कागद नाही. म्हणून फाटकावर एक नकाशा हवा आणि त्यात तीन प्रकार: कुणीही कधीही जावं अशा वाटा आणि बाग, ठरलेल्या वेळी जावं अशी संग्रहालयं, वेधशाळा, सभागृहं, आणि अजिबात जाऊ नये अशी वसतिगृहं, अभ्यासिका, प्रयोगशाळा. गट वीसपेक्षा मोठा नको, ध्वनिवर्धक नको, खिडकीतून फोटो नको. प्रत्येक खुल्या जागेजवळ स्वच्छतागृह कुठे आणि पिण्याचं पाणी कुठे, हेही त्याच नकाशावर. नाहीतर लोक त्यासाठी वसतिगृहात शिरतात आणि मग सगळं बंद करायला निमित्त मिळतं.

नकाशासोबत महिन्याचं एकच पत्रक काढावं. आज व्याख्यानाची सूचना एका विभागाच्या पानावर, प्रबंध-परीक्षेची दुसऱ्या, वेधशाळेची तिसऱ्या, अशी विखुरलेली असते आणि विद्यापीठातल्या लोकांनाही सापडत नाही. पत्रकात प्रत्येक कार्यक्रमापुढे इमारत, दार, मजला, उद्वाहन आहे की नाही, भाषा, नावनोंदणी लागते का आणि विषयाची पूर्वतयारी लागते का, एवढं असावं. ते गावातल्या वाचनालयात, बस स्थानकावर आणि शाळांत लागावं, आणि त्याची एक प्रत फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे असावी.